पाहुणीची बडदास्त

११ जानेवारी, शनिवार

बोलायचं नाही म्हणे. मला! बावीस वर्षं बसस्थानकाच्या माइकवर बसून अख्ख्या गावाला कुठली गाडी कुठे लागणार ते सांगणारी बाई मी, आणि आज लेकीच्या वयाची एक डॉक्टर मला सांगते, "काकू, तुम्ही बोललात की खोकला उसळतो. थोडे दिवस तोंडाला कुलूप लावा." ह्यांनी मान खाली घातली, पण मला दिसलं, हसत होते. हसा, हसा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कानांना सुट्टी मिळतेय तुमच्या.

तर तोंडाला कुलूप, म्हणून ही डायरी. लेकीने दिलेली, कोरीच पडली होती. हात तरी चालू राहू देत.

झालं असं. सप्टेंबरात ह्यांनी मला स्वतःची डावी किडनी दिली. "देऊ का?" असं विचारलंसुद्धा नाही, थेट तपासण्या करून आले आणि म्हणाले, "जुळते." एवढंच. हे बस चालवतात, आणि बोलण्याचं डिझेलही जपून वापरतात. त्या किडनीला मी पाहुणी म्हणते. शरीराला परकं कुणी खपत नाही. आतले पहारेकरी पाहुणीला हुसकावून लावतील, म्हणून त्यांना रोज गोळ्या देऊन पेंगुळलेलं ठेवायचं, ही तिची बडदास्त. चार महिने पाहुणी अगदी ह्यांच्यासारखी राहिली. आवाज नाही, तक्रार नाही, काम चोख.

पण पहारेकरी पेंगले की चोरांचं फावणारच. मंगळवारी ताप आला, मग खोकला, आणि काल रुमालावर रक्ताचा ठिपका. मी रुमाल मुठीत दडवला. ह्यांनी मूठ उघडून बघितली, पायात चपला सरकवल्या आणि मला घेऊन निघाले. आता मी एका खोलीत एकटी. खोलीला एकामागे एक दोन दारं, येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाला मास्क. खोली मात्र झकास आहे, मोठी खिडकी आहे.

१३ जानेवारी, सोमवार

उजव्या फुप्फुसात डाग आहे. सुपारीएवढा. डॉक्टरीणबाईंनी स्वतः संगणकावर दाखवला, कडेने धूसर वलय असलेला. ह्यांना म्हणाल्या, "नुसतं औषध मारून चालणार नाही. आत कोण बसलंय ते आधी ओळखायला हवं." मला बाई आवडली. मी हिला फुप्फुसवाली म्हणणार.

मग नाकातून नळी घालून फुप्फुसात मिठाचं पाणी सोडलं आणि परत ओढून घेतलं. घसा सुन्न केला होता तरी जीव मेटाकुटीला आला. त्या गढूळ पाण्यात चोराच्या पाऊलखुणा मिळतील म्हणे.

नंतर चौकशी. पक्षी पाळलेत का? मांजर? कुंड्यांची माती उकरलीत? घरात ओल? तोडफोड, रंगकाम? मी मान हलवून हलवून दमले. आमचं घर म्हणजे आरसा आहे हो! गेल्या महिन्यापासून तर हे रोज दुपारी स्वतः केर काढतात, फरशी पुसतात, आणि मी झोपेतून उठायच्या आत आंघोळसुद्धा करून बसतात. असा नवरा बायकांना नवसाने मिळत नाही.

शेजारच्यांची दुपारची ठोकाठोक सांगावी असं मनात आलं होतं. झोपेचं खोबरं करतात मेले. पण शेजाऱ्यांचं गाऱ्हाणं फुप्फुसाच्या डॉक्टरला काय सांगायचं? आपल्या घरात तर नाही ना काही. राहिलं.

१६ जानेवारी, गुरुवार

चोर सापडला! बुरशी आहे. फुप्फुसवाली एवढ्या आनंदात आली की मला वाटलं कुणाचं लग्न ठरलं. "काकू, ओळख पटली. हिचं औषध आहे आपल्याकडे." शिळ्या पावावर येते तशीच बुरशी, हवेत सगळीकडे असते, सगळ्यांच्या छातीत जाते, आणि धडधाकट माणसाचे पहारेकरी तिला दारातच झोडपतात. माझे पेंगलेले, म्हणून आत येऊन तिने संसार थाटला.

औषध शिरेतून देतात. गंमत म्हणजे ते चढलं की तासभर डोळ्यांना भलतंच दिसतं. हिरवा पडदा इतका हिरवा झाला की मी हात लावून बघितला. सिस्टरच्या बाहीला चमचमती किनार आली. फुप्फुसवाली म्हणाली, घाबरू नका, औषधाचाच खेळ आहे, कमी होईल. होऊ दे हळूहळू, फुकटचा सिनेमा आहे.

खरी पंचाईत दुसरीच. संध्याकाळी किडनीवाले डॉक्टर आले, टक्कल असलेले, वयस्कर, ज्यांनी पाहुणी बसवली ते. मग दोघांची जुंपली. ही म्हणते, पहारेकऱ्यांना जरा जागं करू, नाहीतर बुरशी आटोक्यात येणार नाही. ते म्हणतात, जागे झाले की आधी किडनीलाच धरतील. त्यात बुरशीच्या औषधाने पेंगुळवायच्या गोळीचा जोर भलताच वाढतो, म्हणून ती गोळी तिसऱ्या हिश्श्यावर आणली. कमी पडली तर किडनी जाणार, जास्त झाली तर तीच गोळी किडनीला बाधणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आता एक दिवसाआड रक्त काढून माप बघायचं. मी मध्ये पडून ऐकत होते, दोन सासवांच्या तावडीत सापडलेल्या सुनेसारखी.

दोघं गेल्यावर ह्यांनी माझ्या पोटावर, पाहुणी आहे तिथे, हात ठेवला. म्हणाले, "टिकेल." मी विचारलं, "ती की मी?" म्हणाले, "दोघी."

१७ जानेवारी, शुक्रवार

आज हे दुपारी उशिरा आले आणि माझ्या काळजात चर्र झालं. भुवया पांढऱ्या! कानामागचे केससुद्धा. एका रात्रीत पिकला माझा माणूस, माझ्या काळजीने. मी रडले, मग खोकले, मग सिस्टर ओरडली. हे गडबडून बाहेर गेले ते तोंड धुऊनच आले. परत आले तेव्हा मी डोळे मिटून पडले होते, बघायचा धीर झाला नाही.

१९ जानेवारी, रविवार

भुवया काळ्या आहेत. स्वच्छ काळ्या.

म्हणजे परवाचा औषधाचा खेळ असणार. फुप्फुसवालीला विचारलं तर ती म्हणाली, पांढरं नाही दिसत सहसा, रंग भडक दिसतात. मग काय, कलप लावला? आयुष्यात तेलाशिवाय काही न लावलेला माणूस, बायको दवाखान्यात असताना कलप लावतो? अंगाला वासही येत होता कसलासा, टर्पेंटाइनसारखा. आणि तळहाताला फोड. मी बोट ठेवून भुवई उंचावली. म्हणाले, "स्टिअरिंग." रजेवर असलेल्या ड्रायव्हरला स्टिअरिंगने फोड येतात म्हणे! मला काय कुकुलं बाळ समजतात काय हे?

२१ जानेवारी, मंगळवार

ताप उतरला! थर्मामीटर तीनदा लावायला लावला. खोकल्यात रक्त नाही. छातीची व्यायामवाली आली आणि तिने तीन चेंडूंची नळी हातात दिली, श्वास आत ओढून चेंडू वर चढवायचे. गेल्या आठवड्यात एकही हलला नव्हता. आज एक टणकन वर! दुसरा अर्ध्यावर जाऊन परत आला, भित्रा. व्यायामवालीने टाळ्या वाजवल्या. मी एवढी हसले की श्वास पुरेना.

लेकीला फोन करून सांगितलं, आणि म्हटलं बाबांना विचार गं, दिवसभर असतात कुठे. तर म्हणते, "आई, त्यांना त्रास देऊ नकोस, कामात आहेत." कसलं काम? तर म्हणे, "अगं… ते… आई, आवाज तुटतोय तुझा." माझा आवाज! बावीस वर्षांत कधी कुठे तुटला नाही तो.

बापलेकीचं काहीतरी शिजतंय. घर विकतायत की काय? औषधांना पैसे लागतायत, कळतं मला, पण विकलं तर तोंडाने सांगावं की.

२४ जानेवारी, शुक्रवार

डाग लहान झालाय. फुप्फुसवाली म्हणाली, असंच राहिलं तर सोमवारी घरी. पुढची औषधं गोळ्यांनी, घरूनच. मी टाळ्या वाजवल्या.

मग ती बाहेर गेली आणि तिच्या मागोमाग हे. दोन दारांतलं बाहेरचं नीट लागलं नव्हतं. ह्यांचा आवाज आला, "डॉक्टर, अजून चार-पाच दिवस ठेवून घेता येईल का हिला? घरी अजून…" पुढचं कळलं नाही.

ठेवून घ्या म्हणाले. मला.

आज जेवले नाही. पाहुणीसाठी पाणी तेवढं प्यायले.

२५ जानेवारी, शनिवार

अगं बाई! काय लिहू आणि काय नको! आधी जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझीच गाडी चुकेल.

सकाळी हे आले. मी भिंतीकडे तोंड केलं होतं. "काय झालं?" ह्यांनी विचारलं. "दुखतंय?" तेव्हा मी उठून बसले आणि तोंडाचं कुलूप तोडलं. म्हटलं, "अहो, मला घरी न्यायचं नसेल तर स्पष्ट सांगा. दुसरी कुणी असेल तरी सांगा. कलप लावता, फोन आला की बाहेर जाता, अंगाला वास येतो. फक्त डावी परत मागू नका, ती मी देणार नाही!"

हे आ वासून बघत राहिले. आणि मग हसायला लागले. असे कधी हसलेले मी बघितलेच नव्हते, खुर्चीची पाठ धरून, डोळ्यांतून पाणी. सिस्टर पळत आली, तिला वाटलं मला काही झालं. मग ह्यांनी मोबाइल काढला आणि फोटो दाखवला.

मागची खोली. आमची, घरातली, मागची, अंधारी, जिची किल्ली हरवली म्हणून महिनाभर बंद होती ती! आणि तिच्या भिंतीला खिडकी. पलंगाच्या उंचीवर चौकट, आणि त्यातून मागचं झाड. अख्खं झाड!

ऑपरेशननंतर घरी आले तेव्हा म्हटलं होतं मी एकदा, डबीत कोंबल्यासारखं वाटतं, मागच्या खोलीला खिडकी असती तर पडल्यापडल्या झाड दिसलं असतं. एकदाच म्हटलं होतं. शिवाय किडनीवाल्यांनी सप्टेंबरातच बजावलं होतं, खोलीत ओल नको, हवा खेळती हवी. ह्यांनी ते मनावर घेतलं. मी दुपारी झोपले की हे पठ्ठे मागच्या खोलीत जाऊन ओलीचे पोपडे खरवडायचे, छिन्नी-हातोड्याने भिंत फोडायचे. ती शेजाऱ्यांची ठोकाठोक आमचीच! महिनाभर मी त्या गरीब बाईशी धड बोलले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी दवाखान्यात आल्यावर ह्यांनी गवंडी लावला आणि त्याच्या हाताखाली स्वतः राबले. भुवयांवर चुना होता, अंगाला वास चौकटीच्या रंगाचा. हातांवरचे फोड छिन्नीचे. लेकीला सगळं ठाऊक होतं. आणि चार-पाच दिवस हवे होते ते रंग वाळायला!

मी म्हटलं, "अहो, सांगायचं नाही का?"

म्हणाले, "मग तू काम करू दिलं असतंस?"

खरंच नसतं दिलं. मी त्यांच्या फोडांवर मलम लावलं. एवढी सुखी मी लग्नातसुद्धा नव्हते, तेव्हा हे अनोळखी होते. सोमवारी फुप्फुसवालीला फोटो दाखवणार. बघ म्हणावं, असतो एखादीचा नवरा!

२७ जानेवारी, सोमवार

दाखवला.

ती आधी म्हणाली, "किती छान खिडकी!" मग फोटो बोटांनी मोठा करून बघायला लागली. हसू गेलं तिचं. ह्यांना विचारलं, "हे काम कधी सुरू केलं?" हे कौतुकाने म्हणाले, "डिसेंबरात." "काकू घरात असताना?" "हो, पण ती झोपायची तेव्हा. दार बंद करून." "भिंत ओली होती?" "पोपडे सुटले होते. सगळे खरवडले." "आणि धूळ?" "रोज झाडून काढायचो. कण ठेवला नाही."

मला आधी कळलंच नाही. मी मध्येच म्हणाले, "बघा ना, ओलसुद्धा काढली ह्यांनी!"

फुप्फुसवाली माझ्या पलंगावर बसली. डॉक्टर बसत नाहीत कधी, उभ्यानेच जातात. हळू आवाजात म्हणाली, ही बुरशी जुन्या ओल्या भिंतीत असते. भिंत खरवडली, झाडली, की धुळीबरोबर उडते. बंद दाराच्या फटीतून येते, कपड्यांवरून येते. "काका, तुम्हाला हे कुणी नीट सांगितलं नाही, ही चूक आमची. हवा खेळती ठेवा म्हणालो, कशी ते सांगितलं नाही. आणि आज कळलं ते फार बरं झालं. काकू आज त्या घरी गेल्या असत्या तर…"

ह्यांच्या हातात माझ्या सुपाचा थर्मास होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, झाकण नीट फिरवून घट्ट केलं, आणि बाहेर गेले.

घरी जाणं रद्द.

२८ जानेवारी, मंगळवार

दुष्काळात तेरावा महिना. रक्तात किडनीचा आकडा वर गेलाय. किडनीवाले आज विनोद करेनात. पहारेकरी जागे होऊन पाहुणीवर उठले असतील, किंवा गोळीचं माप चुकलं असेल. मापाचा रिपोर्ट यायचाय. तोही सांगेना, तर सुई घालून पाहुणीचा तुकडा तपासायचा.

हे आत आले नाहीत. बाहेर बाकावर बसलेत, दाराच्या काचेतून गुडघे दिसतात. सिस्टरकरवी दोनदा बोलावलं. नुसतं "हो" म्हणाले, उठले नाहीत.

मला भीती वाटतेय, इथे लिहायला कसली लाज. मरायची वाटते, ती तर वाटतेच. पण त्याहून मोठी ही की मी गेले, किंवा नुसती पाहुणी जरी गेली, तरी हा माणूस जन्मभर त्या बाकावरून उठणार नाही.

२९ जानेवारी, बुधवार

सिस्टरला म्हटलं, हाताला धरून आणा त्यांना, नाहीतर मी सलाइनच्या खांबासकट बाहेर येईन. आली घेऊन. हे मास्क लावून पलंगापासून लांब, दारापाशी उभे राहिले. कपडे नवे, हात कोपरापर्यंत घासून लाल केलेले.

"जवळ या."

"नको."

"अहो, जवळ या म्हणते ना!"

मग बोलले. इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने मीच काढून घेतलं. तुझ्यासाठी म्हणून रोज थोडं थोडं विष झाडत होतो घरात."

मला राग आला, आणि एवढा आला की रडू पळून गेलं. म्हटलं, "विष? करायला गेलात गणपती आणि झाला मारुती, एवढंच झालंय! मी रागावलेय का? रागावलेय! लपवलंत म्हणून. भिंत फोडलीत म्हणून नाही. शेजाऱ्यांची ठोकाठोक डॉक्टरांना सांगायची सोडून मी तरी गप्प बसलेच ना? जन्मात एकदा गप्प बसले आणि तेही नेमकं चुकीच्या वेळी. आणि ऐका. तुम्ही बाहेर बसलात की माझ्या पोटातली उपाशी राहते. तुमचीच आहे, तुमच्याकडे बघून जेवते. खुर्ची ओढा आणि ते सूप भरवा."

खुर्ची ओढली. अर्धं सूप तोंडात, अर्धं चादरीवर. दोघंही रडत होतो, सिस्टर चादर आणायच्या निमित्ताने गेली ती बराच वेळ आली नाही.

रिपोर्ट अजून नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

पाहुणी आहे! पाहुणी ठणठणीत आहे!

काल मापाचा रिपोर्ट आला. पहारेकऱ्यांचं बंड वगैरे काही नव्हतं. बुरशीच्या औषधाने गोळीचा जोर हिशेबापेक्षा जास्त वाढला होता आणि तो किडनीला बाधत होता. कालची गोळी चुकवली, आजपासून आणखी कमी केली. आज सकाळी आकडा खाली यायला लागला. किडनीवाले कागद नाचवत आले, फुप्फुसवाली त्यांच्या मागून. दोन सासवा एकत्र हसताना मी पहिल्यांदा बघितल्या. किडनीवाले म्हणाले, "तुमची किडनी भलतीच सोशिक आहे." मी म्हटलं, "कुणाची आहे ते बघा की."

हे कोपऱ्यात उभे होते. त्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले, आणि घसरत घसरत खालीच बसले. फुप्फुसवालीने नाडी बघितली. नाडी उत्तम. नुसता जीव भांड्यात पडला होता.

दुपारी दोन चेंडू वर गेले. तिसरा थरथरला!

६ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखाना सुटला. पण आमच्या घरी जायचं नाही. मागच्या खोलीच्या दाराला प्लास्टिक लावून ती बंद केलीय. राहायचं कुठे, हा प्रश्न कुणी सोडवला असेल? शेजारणीने! तिच्या आईचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला रिकामं आहे. कोरडं, स्वच्छ, वरच्या मजल्यावर. फुप्फुसवालीने फोटो मागवून एक-एक कोपरा तपासला आणि मगच हो म्हणाली. शेजारीण किल्ली घेऊन स्वतः आली. मी हात जोडून म्हटलं, "महिनाभर तुम्हाला मनातल्या मनात फार शिव्या दिल्या हो." ती म्हणाली, "मनातल्या मनात कुठल्या? भिंतीपलीकडे सगळ्या ऐकू यायच्या."

मेले लाजेने. मग दोघी हसलो.

९ मार्च, रविवार

इथे बरं चाललंय. सकाळ-संध्याकाळ बुरशीची गोळी, एकदा पेंगुळवायची, आठवड्यातून रक्त. काल पुन्हा फोटो काढला छातीचा. सुपारीचा आता वाटाणा झालाय, आणि फुप्फुसवाली म्हणाली उरलेला व्रण असावा. आणखी महिनाभर औषध, मग बघू. ह्या औषधावर असेतो उन्हात मात्र जायचं नाही, कातडी भाजते. म्हणजे खिडकी मिळाली आणि ऊन वर्ज्य! नशीब बघा.

बाकी आनंद आहे, पण हे अजून पुरते माणसात आले नाहीत. घरात शिरताना बाहेर कपडे बदलतात, मला हात लावण्याआधी हात घासतात, ते ठीक. पण रात्रीचं जेवण झालं की गप्प. तसे नेहमीच गप्प, पण हे गप्प वेगळं. आज विचारलं तर म्हणाले, "ती खिडकी बुजवून टाकतो. विटा लावून. तू इथे आहेस तोवर."

मी ताट सरकवलं. म्हटलं, "खबरदार त्या भिंतीला पुन्हा हात लावलात तर! माझ्या खिडकीला हात लावायचा नाही. आता तिथे काय करायचं ते डॉक्टर सांगतील आणि करणारी माणसं करतील. तुम्ही फक्त बस चालवायची."

ह्यांनी ताट परत माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतःही दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

२० एप्रिल, रविवार

घरी आले. आमच्या घरी.

बुरशीची गोळी गेल्या आठवड्यात बंद झाली, डाग जुनी खूण म्हणून तेवढा उरलाय. पाहुणीचा आकडा सप्टेंबरातल्यासारखा. पुढच्या महिन्यात स्थानकावर रुजू व्हायचं, आधी अर्धा दिवस. घराची साफसफाई त्यातल्या जाणकार माणसांनी केली, झाडू न लावता, सगळं ओल्या फडक्यांनी आणि धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रांनी, मग महिनाभर खोली बंद. फुप्फुसवाली परवा स्वतः येऊन भिंतींना नाक लावून गेली. जाताना म्हणाली, "काकू, आता बोला हवं तेवढं." ह्यांनी सुस्कारा सोडला, तिने ऐकला, मी पण ऐकला.

तर मागची खोली. ह्यांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. मी आत गेले. खिडकी फोटोतल्यापेक्षा मोठी आहे. चौकट डावीकडे बोटभर कलती आहे, गवंड्याच्या हाताखाली ड्रायव्हर असला की असंच व्हायचं. झाडाला नवी पानं आलीत. खाली मुलं सायकली फिरवत होती. मी पलंगावर बसले, मग आडवी झाले, पडल्यापडल्या दिसतं का बघायला. दिसतं. सगळं दिसतं. मी किती वेळ पडून होते कुणास ठाऊक, श्वास एवढा सरळ आत जात होता की मुद्दाम मोठमोठे घेतले.

मग लक्षात आलं, हे आलेच नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे होते. पायांत मोजे, हातात ओलं फडकं, नजर जमिनीवर, आत पाऊल ठेवायचा धीर नाही.

"अहो, या की आत."

"तू बस. मी इथे ठीक आहे. माझ्याबरोबर पुन्हा धूळबीळ आली तर…"

मी उठून बसले. पोटावर हात ठेवला, पाहुणी आहे तिथे.

"अहो, तुमचा एक भाग मघाच आत येऊन पलंगावर लोळतोय. बाकीच्यांनी बाहेर उभं राहून काय करायचंय?"

ह्यांनी वर बघितलं. फडकं दाराच्या कडीला अडकवलं, आणि आले.